'कॅश' म्हणजे रोकड नव्हे!

प्रश्न : चीनच्या छिंग राजवटीतल्या दुर्मिळ 'कॅश कॉइन'ना, म्हणजे चौकोनी भोकाच्या नाण्यांना, मराठीत 'रोख नाणी' म्हणावे का?

मुळीच नाही! 'चिनी रोख नाणी' अशी पाटी प्रदर्शनात दिसली की माझं डोकं फिरतं. रोख हा व्यवहार असतो, नाण्याची जात नव्हे.

रोकड या अर्थाचा 'कॅश' फ्रेंचमधल्या पेटीवाचक शब्दावरून आला. चिनी नाण्याचा 'कॅश' आपल्या दक्षिणेतला : तमिळ 'कासु', म्हणजे बारीक नाणं. पोर्तुगीजांनी त्याचं 'काइशा' केलं. त्यांच्याकडे पेटीलाही 'काइशा'च म्हणतात, तिथेच सगळा घोळ झाला. कंपनीच्या मद्रासेत ८० कॅशचा एक फनम आणि ४२ फनमचा एक पॅगोडा (सोन्याचं नाणं) होई. तिथला कॅश हाच.

आता खरी गंमत. 'कासु'च्या मागे संस्कृत 'कर्ष' हे वजन आहे. आयुर्वेदात चार कर्षांचं एक पल होतं, तोच कर्ष. त्यावरूनच 'कार्षापण' हे प्राचीन नाणं, प्राकृतात 'काहापण'. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या दानाचा हिशेब कोरलेला आहे : सत्तर हजार काहापण, म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी). एका सुवर्णाला पस्तीस! दोन हजार वर्षांपूर्वीचा विनिमयदर भिंतीवर वाचताना अंगावर काटा येतो.

'कासु' अस्सल द्राविडी, त्याचा कर्षाशी संबंध नाही, असं काही विद्वान ठासून सांगतात. मला ते पटत नाही. वजनावरून नाण्याला नाव पडणं ही जगभरची रीत आहे. पौंड पाहा. खुद्द चिनी माणूस या नाण्याला 'छ्येन' म्हणतो, आणि छ्येन हे वजनही आहे, लिआंग या मोठ्या वजनाचा दहावा भाग. मग कर्षालाच नकार कशासाठी?

तेव्हा 'चिनी कास' म्हणा, नाहीतर सरळ 'छ्येन' म्हणा. आपल्याकडे १९४३पासून निघालेल्या भोकाच्या पैशाचं भोक गोल होतं, याचं चौकोनी. त्यातून दोरी ओवून हजाराची माळ करीत. समोर चार चिनी अक्षरं, मागे बहुधा टाकसाळीचं नाव मांचू लिपीत.

दुर्मिळ हवं असेल तर 'छीश्यांग' शोधा. १८६१मध्ये श्यानफंग बादशहा वारला आणि बाळराजासाठी हे शकनाम, म्हणजे कारकिर्दीचं नाव, ठरलं. काही महिन्यांतच दरबारात उलथापालथ होऊन ते बदलून 'तोंगझी' केलं गेलं. तोवर छीश्यांगची थोडी नाणी ओतून झाली होती.