यादी प्रेषकांची नव्हे, लॉगिनची करावी

प्रश्न : दादर येथील आमच्या पतसंस्थेच्या मेल सर्व्हरवर पोस्टफिक्स हा मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम आहे. काउंटरवरील कर्मचाऱ्यांना केवळ संस्थेच्याच पत्त्यांवर मेल पाठवता यावा, व्यवस्थापकांना मात्र कोठेही, असे संचालक मंडळाने ठरवले. प्रेषकांच्या पत्त्यांची यादी केली, रिस्ट्रिक्शन क्लासही (एका नावाखाली बांधलेला अटींचा संच) तयार केला. तरीही काउंटरवरून बाहेर गेलेले मेल लॉगमध्ये दिसतात. चूक कोठे होत असावी?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आपण पाठवलेल्या सेटिंगच्या मजकुरात ‘परमिट मायनेटवर्क्स’ ही आपल्या नेटवर्कमधील संगणकांना परवानगी देणारी अट सर्वांत वर आणि प्रेषक तपासणारी अट तिच्याखाली आहे. पोस्टफिक्स या अटी क्रमाने वाचतो आणि होकार किंवा नकार मिळताच त्या यादीतील पुढच्या अटींकडे पाहत नाही. आपल्या कार्यालयातील सर्व संगणक त्या नेटवर्कमध्ये मोडत असल्यामुळे प्रत्येकाला पहिल्याच अटीवर परवानगी मिळते आणि आपली यादी उघडलीच जात नाही. प्रेषक तपासणारी अट वर घ्यावी.

मात्र एवढ्यावर थांबू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रेषकाचा पत्ता म्हणजे मेल प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये लिहिलेला मजकूर. तेथे व्यवस्थापकांचा पत्ता टाकला की बंधन संपले. म्हणून यादी लॉगिनच्या नावांची करून ती ‘चेक सास्ल ॲक्सेस’ या अटीने तपासावी. ही सोय २.११ या आवृत्तीपासून आहे. यादीत डावीकडे ‘काउंटर३’ असे लॉगिन आणि उजवीकडे क्लासचे नाव लिहावे. लॉगिन न करणाऱ्याला ही अट लागूच होत नाही, त्यामुळे मायनेटवर्क्समध्ये फक्त सर्व्हर स्वतः ठेवून कर्मचाऱ्यांना ५८७ पोर्टवरून (मेल प्रोग्रॅमकडून मेल स्वीकारण्याचे सर्व्हरचे दार) लॉगिन सक्तीचे करावे.

क्लासमध्ये आधी संस्थेच्या डोमेनला परवानगी आणि शेवटी ‘रिजेक्ट’ हवे. हा शेवटचा शब्द राहिला, तर बाहेरच्या पत्त्याबाबत क्लास काहीच निर्णय देत नाही आणि लॉगिन केलेल्यांना मुभा देणारी पुढची अट तो मेल सोडून देते.

पोस्टफिक्सची मास्टर फाइलही (मास्टर.सीएफ) उघडून पाहावी. तेथे ५८७ पोर्टच्या नोंदीखाली याच अटी वेगळ्या दिलेल्या असतील, तर त्या पोर्टवर मुख्य फाइलमधील (मेन.सीएफ) बदलांचा उपयोग होत नाही.

शेवटी यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशा रूपात आणणारी ‘पोस्टमॅप’ कमांड चालवून, पोस्टफिक्स रीलोड करून, काउंटरच्या लॉगिनने स्वतःच्या खासगी पत्त्यावर मेल पाठवून पाहावा. ५५४ क्रमांकाचा नकार यायला हवा. वेबमेल असल्यास हीच चाचणी तेथूनही घ्यावी, कारण तो सर्व्हरवरच्याच ‘सेंडमेल’ कमांडमार्फत मेल देत असेल, तर या अटींपैकी एकही त्याच्या वाटेत येत नाही. वेबमेललाही एसएमटीपीने (मेल प्रोग्रॅम सर्व्हरला मेल देतात ती पद्धत) लॉगिन करूनच मेल पाठवायला लावावे.