एकच नंबर, दोन कार्डं: लॅपटॉप आणि पीसीचं ग्राफिक्स कार्ड

प्रश्न (कॉलेज विद्यार्थी, देवगड): दादा, माझ्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आहे आणि ठाण्याच्या मामेभावाच्या पीसीत पण ४०७० च आहे. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो, तोच गेम त्याच सेटिंगला तिथं एकदम मस्त चालतो आणि माझ्याकडे मधेमधे अडकतो. दुकानदार म्हणतो ड्रायव्हर अपडेट कर. माझा पीस फॉल्टी आहे का?

उत्तर: पीस ठीक आहे रे, परत द्यायला धावू नकोस, आणि ड्रायव्हर टाकून हा फरक जाणार नाही कारण ती दोन कार्डं मुळातच वेगळी आहेत. मामेभावाच्या कार्डात एडी१०४ चिप आहे, ५८८८ कुडा कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी, आणि एकट्या कार्डाला २०० वॉटपर्यंत वीज. तुझ्या लॅपटॉपमध्ये त्याखालची एडी१०६ चिप, ४६०८ कोअर, ८ जीबी मेमरी, आणि वीज साधारण ३५ ते ११५ वॉटच्या मधे जेवढी लॅपटॉप बनवणाऱ्यानं ठरवली तेवढी, वर थोडी बूस्टची. पीसीत हीच एडी१०६ चिप ४०६० टीआय नावानं विकतात, म्हणजे तुला तुलना करायचीच असेल तर त्या कार्डाशी कर.

कोअर कमी आहेत ते एकवेळ चालतं, पण तुझा गेम अडकतो त्यामागं मला मेमरीच दिसते. त्याच्या कार्डाची मेमरी सेकंदाला ५०४ जीबी डेटा हलवते, तुझी २५६, जवळजवळ निम्मी. वर ८ जीबी भरली की उरलेला माल लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये जातो, तिथून आणायला वेळ लागतो आणि तेवढ्यात झटका बसतो. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचं चित्र) अल्ट्रावरून हायवर आण, दिसायला फारसा फरक पडत नाही आणि झटके बऱ्यापैकी कमी होतील, बाकी सेटिंग नंतर बघ.

मला हा नावाचा प्रकार मनापासून खटकतो. पूर्वी ही कार्डं बनवणारी एनव्हिडिया कंपनी ९७०एम, ९८०एम असं एम लावायची, बघताक्षणी कळायचं की हे लॅपटॉपचं. २०१६ मध्ये १० सीरिज आली आणि एम गेला, तेव्हा ते बरोबरही होतं कारण ६ जीबीच्या १०६० ला दोन्हीकडे १२८० च कोअर होते, पण पुढे ३० सीरिजपासून वरच्या कार्डांत चिपाच वेगळ्या व्हायला लागल्या तरी नाव तेच ठेवलं. लॅपटॉपचं ४०९० म्हणजे आत पीसीच्या ४०८० ची चिप, ९७२८ कोअर, तर पीसीच्या ४०९० ला १६३८४. माणूस आयुष्याची बचत घालून लॅपटॉप घेतो, त्याला हे दुकानातच सांगायला हवं.

आता तू एक कर. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघड, सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये जा, तिथं मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर असा आकडा दिसेल. शंभरच्या वर असेल तर मशीन चांगलं आहे. पन्नास-साठ असेल तर आधी लॅपटॉपच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये परफॉर्मन्स मोड लावून बघ. तिथंच एमयूएक्स स्विचचा पर्याय असेल तर तोही चालू कर, म्हणजे चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून न फिरता थेट स्क्रीनवर जातं. चार्जर मात्र ओरिजिनलच लाव, मोबाईलचा टाइप-सी लावून चार्ज होतोय म्हणून त्यावर खेळू नकोस.

आणि देवगडात राहतोस म्हणून सांगतो, आगोटीच्या आधी एकदा खालचं झाकण उघडून घे. पंख्याची पाती पुसून भागत नाही, पंख्यासमोर जी बारीक पत्र्यांची जाळी असते तिच्या आतल्या बाजूला धूळ आणि खारी ओल मिळून नमद्यासारखा थर बसतो, बाहेरून जाळी स्वच्छ दिसते पण वारा जातच नाही, मग चिप तापते आणि स्वतःच स्पीड कमी करते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव, मोकळा फिरू देऊ नकोस.

प्रश्न (फोटो स्टुडिओवाले, गुहागर): लग्न, मुंजी, शिमग्याच्या पालख्या असं शूटिंग करतो. एडिटिंगला ४०६० चा लॅपटॉप घेऊ की ४०६० चा पीसी? आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही.

उत्तर: तुम्ही पीसीच घ्या. ४०६० हे त्यातल्या त्यात सरळ कार्ड, दोन्हीकडे एडी१०७ चिप, ३०७२ कोअर, ८ जीबी. पूर्ण वॉटचा लॅपटॉप मिळाला तर साधा एक्स्पोर्ट दोन्हीकडे जवळपास सारख्याच वेळात होतो कारण व्हिडिओ एन्कोड करणारा भागही तोच आहे. पण तुमचं काम रात्रीच्या पालखीचं, अंधारातलं फुटेज, त्याला नॉइज काढायचा तर कार्ड तासभर फुल लोडवर चालतं आणि तिथं लॅपटॉप दमतो, पीसीच्या मोठ्या कॅबिनेटला काही वाटत नाही. शिवाय उद्या कार्ड बदलता येतं, लॅपटॉपमध्ये ते बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं.

एक गोष्ट मात्र कार्डापेक्षा महत्त्वाची. तुमचा कॅमेरा एच.२६५ मध्ये ४:२:२ १०-बिट (जास्त रंगमाहिती ठेवणारा व्हिडिओ प्रकार) रेकॉर्ड करत असेल तर ४०६० चा डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) ते फुटेज घेतच नाही, टाइमलाइन अडकत राहते आणि लोक कार्डाला शिव्या घालतात. इंटेलच्या बाराव्या जनरेशनपासूनच्या प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक्स ते डिकोड करतं, म्हणून इंटेल घ्या आणि नावामागं एफ असलेला घेऊ नका, त्यात ते ग्राफिक्स बंद असतं. ५० सीरिजच्या कार्डात ४:२:२ ची सोय आली आहे, बजेट ताणता आलं तर ५०६० बघा.

लाईटचं म्हणाल तर असा पीसी लोडवर मॉनिटरसकट अडीचशे-तीनशे वॉट खातो. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरताच. घरचा इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्ह (घरच्या लाईनसारखीच वीज देणारा) असेल आणि १५० एएचची बॅटरी चांगली असेल तर तीनेक तास निघतात, फक्त इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा, नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत पीसी रिस्टार्ट होतो. आणि अर्थिंग तपासून घ्याच. आपल्याकडे जांभा, उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं, खड्ड्यात पाणी घालत जा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा, राउटरची वायरसुद्धा, बरेच बोर्ड त्या वायरीतूनच जळतात.

प्रश्न (मालवण): गेमिंग लॅपटॉप चार्जिंगला नसला की एकदम मंद का होतो? आणि कायम प्लग लावून ठेवला तर बॅटरी फुगते का?

उत्तर: बॅटरीला एकाच वेळी एवढे वॉट देणं झेपत नाही म्हणून लॅपटॉप कार्डाची वीज मुद्दाम खाली आणतो, त्यात बिघाड काही नाही, जड काम प्लग लावूनच करायचं. कायम प्लगवर असेल तर अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते ती लावा, सतत शंभर टक्के भरलेली आणि वरून तापलेली बॅटरी लवकर खराब होते. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा झाकण नीट बसेनासं झालं तर बॅटरी फुगली असं समजा, लगेच चार्जर काढा, लॅपटॉप वापरणं बंद करा आणि सर्व्हिसवाल्याकडून बॅटरी बदलून घ्या, घरी टोकरून काढायला जाऊ नका, टोचली तर पेट घेते.