वाचकांचे प्रश्न : जळण फोडण्याचे हायड्रॉलिक यंत्र

प्रश्न : भूम तालुक्यात आमची खव्याची भट्टी आहे. बाभूळ, सुबाभूळ आणि कडुलिंबाचे ओंडके आम्ही घण आणि पाचरीने फोडून घेतो, परंतु या कामाला आता माणूस मिळत नाही. घरी ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. जुन्या टिपिंग ट्रॉलीचा जॅक आणि १५० मिलिमीटर उंचीचा लोखंडी गर्डर पडून आहे. यांतून लाकूड फोडण्याचे यंत्र बनवून देतो, असे गावातील वेल्डिंगवाले म्हणतात. ते चालेल का, आणि त्यात किती टन जोर असावा?

उत्तर : यंत्र घरी जरूर बनवता येईल, मात्र आपल्याकडे पडून असलेल्या दोन्ही वस्तू या कामाच्या नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगतो.

ट्रॉलीचा जॅक एकाच बाजूने तेल घेतो. ट्रॉली खाली येते ती स्वतःच्या वजनाने, आणि त्या वजनानेच जॅकमधले तेल परत जाते. आपले यंत्र आडवे असणार, त्यामुळे पुढे गेलेला दांडा मागे आणायला तेथे कोणतेच वजन नसेल. शिवाय असे पुष्कळसे जॅक एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात आणि नळी जसजशी बारीक होत जाते तसतसा जोर कमी होत जातो. म्हणून दोन्ही बाजूंनी तेल घेणारा, म्हणजे दोन तोंडांचा सिलिंडर घ्यावा. आतला व्यास १०० मिलिमीटर, दांडा ५० मिलिमीटर आणि चाल, म्हणजे दांडा सरकण्याचे अंतर, ६० सेंटिमीटर असली की पुरे. मोडीत निघालेल्या लोडरचा सिलिंडर भंगारात मिळाला तरी हरकत नाही. फक्त दांडा पूर्ण बाहेर काढून त्याच्या चकाकत्या पृष्ठभागावरून नख फिरवून पाहावे. नख कोठे अडले, तर तो ओरखडा तेल रोखणारे नवे सीलही थोड्याच दिवसांत कापून टाकील, आणि तसा सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता जोराचे पाहू. १०० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब १५० बार असेल, तर जोर साधारण १२ टन येतो. सरळ धाटणीच्या, फूटभर जाडीच्या बाभळीला तो पुरतो. गाठाळ बुंधा किंवा फांदीचा बेचका मात्र अडून बसेल. चिंचेच्या वाट्याला तर जाऊच नये. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो, तो तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे सहजी फुटत नाही म्हणूनच. ट्रॅक्टरकडून मिनिटाला २० लिटर तेल मिळाले, तर दांडा सुमारे १४ सेकंदांत पुढे जाईल आणि ११ सेकंदांत मागे येईल. याहून वेगाची हाव धरू नये, कारण हात बाजूला घ्यायला तेवढा अवधी हवाच.

गर्डरबद्दल मला अधिक काळजी वाटते. सिलिंडरचा मध्य गर्डरच्या वरच्या पृष्ठापासून १० सेंटिमीटर वर धरला, तर तो १२ टनांचा जोर गर्डरला नुसता ताणत नाही, धनुष्यासारखा वाकवतोही. १५० मिलिमीटरच्या प्रमाणित गर्डरमध्ये ताण आणि वाक मिळून प्रतिबल, म्हणजे लोखंडाच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारे बल, सुमारे २७५ मेगापास्कल होते, आणि साधे पोलाद तर २५० च्या आसपासच कायमचे वाकू लागते. तोच हिशेब २०० मिलिमीटरच्या गर्डरला लावला, तर प्रतिबल १४० च्या जवळपास राहते. मीटरला सुमारे १५ किलोऐवजी २५ किलो लोखंड लागेल, खर्च वाढेल, पण येथे काटकसर करू नये. पाचर गर्डरच्या टोकाला पक्की बसवावी आणि दांड्याने ओंडका तिच्यावर ढकलावा, म्हणजे फुटलेले तुकडे चालवणाऱ्यापासून लांब पडतात. पाचरीच्या पाठीमागे तिरपे आधार द्यावेत आणि कडा तासून वेल्डिंग आतपर्यंत भरून घ्यावे. वरवर ओढलेली वेल्डिंगची रेघ या जोरापुढे टिकणार नाही.

बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. भंगारातल्या सिलिंडरमधील कचरा त्या तेलात गेला, तर यंत्रापायी ट्रॅक्टरचा पंप जाईल. यासाठी सिलिंडर आणि नळ्या स्वच्छ तेलाने धुऊन मगच जोडाव्यात. नळ्या व सिलिंडर भरल्यावर ट्रॅक्टरमधील तेलाची पातळी उतरते, ती पुन्हा भरावी. दाब मर्यादेबाहेर गेल्यास उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, आणि हात सोडताच मधल्या जागी परत येऊन दांडा थांबवणारा लिव्हर हवा. लिव्हर आणि ओंडका ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने लिव्हर ओढायचा, या पद्धतीत बोटे जातात.

नळीतून तेल पाझरत असल्याचा संशय आला, तर ती हाताने कधीही चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून १५० बार दाबाने निघालेली धार कातडीत शिरते. वर फक्त काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट कापण्याची वेळ येऊ शकते. गळती पुठ्ठा फिरवून शोधावी; आणि धार लागलीच, तर मलमपट्टीत वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जाऊन कातडीखाली हायड्रॉलिक तेल गेल्याचे सांगावे.

ओंडके शक्यतो ओले असतानाच फोडून सावलीत, वारा खेळेल असे रचावेत. बाभूळ ओली असताना सोपी फुटते, आणि फोडलेले लाकूड अख्ख्या ओंडक्यापेक्षा लवकर वाळते. कढईखाली ओले जळण धुमसत राहिले की खवा आटायला किती वेळ लागतो, हे आपण जाणताच.

प्रश्न : हायड्रॉलिकचा खर्च टाळून ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, लाकडात स्क्रूसारखा शिरणारा आट्यांचा शंकू बसवला तर चालेल का?

उत्तर : तो शंकू लाकूड फोडतो, हे खरे, तरीही घरी बनवण्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. शंकू गाठीत रुतला की ओंडकाच गरगर फिरू लागतो, आणि धोतराचा सोगा किंवा पदर त्यात सापडला, तर क्लच दाबायलाही अवसर मिळत नाही. हायड्रॉलिकचा दांडा लिव्हर सोडताच थांबतो, म्हणून तो खर्च करावाच.