ठोक्याचं वावर, घरची बैलजोडी: सिनेमावरच्या आरपीजींबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टेबलटॉप आरपीजीची, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची, ओळख करून दिली होती. एकजण सूत्रधार म्हणजे गेम मास्टर होतो, बाकीचे चौघं-पाचजण एकेक पात्र घेतात. प्रसंग बोलून रंगवायचा, अडलं की फासे टाकायचे. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी सिनेमावर बेतलेल्या खेळांबद्दलच विचारलं आहे.

प्रश्न: वडशाला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. नागपूर-पुण्याला शिकणारे पोट्टे दिवाळीत घरी आले की ‘स्टार वॉर्सचा आरपीजी ठेवा, एलियनचा ठेवा’ म्हणून मागं लागतात. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रांच्या, हंगामासाठी माल भरू का? किती?
(एक दुकानदार, वडसा-देसाईगंज)

उत्तर: भरा, पण हात राखून. या धंद्यात सिनेमाचं नाव म्हणजे ठोक्यानं, ठरावीक मुदतीच्या भाड्यानं, घेतलेलं वावर. खेळ काढणारी कंपनी सिनेमाच्या मालकाकडून ठरावीक मुदतीचा परवाना घेते. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही, की उभं पीक सोडून धुऱ्याबाहेर यावं लागतं.

स्टार वॉर्सचंच पाहा. पहिला आरपीजी वेस्ट एंड गेम्सनं १९८७ मध्ये काढला, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर. १९९८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि परवानाही गेला. २००० मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टनं वीस बाजूंच्या फाशावरचा खेळ आणला. तो २०१० मध्ये थांबला. मग फँटसी फ्लाइट गेम्सनं चिन्हांचे खास फासे काढले. नाव एकच, पण नियमांच्या तीन तऱ्हा, आणि एकीची पुरवणी, म्हणजे मूळ खेळाला जोडायचं जादा पुस्तक, दुसरीला लागत नाही. जुन्या बाजारात स्वस्त दिसलं म्हणून गठ्ठा उचलणारे नेमके इथं फसतात. मागवण्याआधी मुखपृष्ठावरचं सिनेमाचं नाव नंतर वाचा, आधी प्रकाशक आणि आवृत्ती वाचा.

नुसत्या नावावर खेळ चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. टीएसआर या कंपनीनं १९८४ मध्ये इंडियाना जोन्सवर खेळ काढला, त्यात स्वतःचं पात्र तयार करायचे नियमच नव्हते. इंडी व्हा, नाहीतर सिनेमातलंच दुसरं कुणी. एकजण इंडी झाला की बाकीच्यांनी काय त्याची टोपी सांभाळायची? खेळ पडला, परवाना संपला, न विकलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या. जळलेल्या प्रतीवर इंग्रजी ‘Indiana Jones’ मधल्या शिल्लक राहिलेल्या ‘डायना जोन्स’ (diana Jones) एवढ्या अक्षरांवरून पुढं या क्षेत्रातल्या एका पुरस्काराला नाव मिळालं!

आता तुमचा माल. सुरुवातीला दोन स्टार्टर सेट (नवख्यांसाठीचा डबा) आणि त्याच खेळाचं एक कोअर रूलबुक (नियमांचं मूळ पुस्तक), बस. एक सेट फोडून काउंटरवर ठेवा. बंद डबा पाहून गिऱ्हाइकाला आत काय आहे तेच कळत नाही, आणि हा खेळ पाहिल्याशिवाय खपत नाही. पुरवण्या फक्त आगाऊ पैसे घेऊन मागवा. पाच जणांच्या टेबलावर पुस्तक घेणारा बहुधा सूत्रधार एकटाच असतो, म्हणून मूळ पुस्तकाच्या मानानं प्रत्येक पुढची पुरवणी कमी खपते. नवा सिनेमा आल्यावर मागणी चढते ती थोडे दिवस. तेवढ्यावर पुढच्या हंगामाचा साठा करू नका. आणि डबे जमिनीलगत ठेवू नका. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, कोपरे उकलतात, मग अर्ध्या किमतीतही कोणी हात लावत नाही.

प्रश्न: आम्ही पाच मित्र. ‘एलियन’चं पुस्तक मिळालं, फासे नाहीत. बाजारातले लुडोचे फासे चालतील का?
(एक वाचक, आर्वी)

उत्तर: एलियनला चालतील. फ्री लीग या प्रकाशकाचा २०१९ चा हा खेळ सहा बाजूंच्या फाशांवरच आहे. फक्त दोन रंग हवेत, प्रत्येकी दहा असले की अडत नाही. एका रंगाचे मूळ फासे, दुसऱ्याचे पात्राच्या मनावरच्या ताणाचे. कुठल्याही फाशावर सहा आला की जमलं. ताणाच्या फाशावर एक आला तर पात्र घाबरतं आणि घबराटीचा तक्ता पाहावा लागतो. पाच फाशांत निदान एक सहा येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास, तीन फाशांत ४२. नवे सूत्रधार इथंच चुकतात, दर पावलाला फासे टाकायला लावतात. त्यानं ताण इतका लवकर चढतो की राक्षस दिसायच्या आधीच सगळे वेडे होतात. चूक झाली तर काहीतरी बिघडणार असेल तेव्हाच फासे टाका.

स्वस्त फाशात कधीकधी आत हवेचा बुडबुडा असतो, मग एकच बाजू पुन्हा पुन्हा वर येते. पेलाभर म्हणजे २०० मिली पाण्यात ७० ग्रॅम मीठ ढवळून विरघळवा, फासा सोडा, बोटानं दहा वेळा उलटवा. दरवेळी तीच बाजू वर आली तर तो फासा लुडोतच राहू द्या. काही फासे जड असतात, ते तळाशीच बसतात. त्यांची परीक्षा या रीतीनं होत नाही.

फ्री लीगच्याच ‘ब्लेड रनर’ला मात्र आठ, दहा आणि बारा बाजूंचे फासेही लागतात. नसतील तर पत्ते घ्या: एक्का ते अठ्ठी, एक्का ते दश्शी, एक्का ते राणी. पान ओढलं की परत घालून पिसायचं, नाहीतर पुढच्या वेळची शक्यता बदलते. फँटसी फ्लाइटच्या स्टार वॉर्समध्ये चिन्हं असतात. साध्या फाशांवरून चिन्हं ओळखायचा तक्ता पुस्तकात आहे, पण दर फेकीला तक्ता पाहताना खेळ रेंगाळतो. त्याचे खास फासेच घ्या.

प्रश्न: सिनेमा पाहिला नसेल तर खेळता येतं?
(एक वाचक, दारव्हा)

उत्तर: खुशाल. त्रास होतो तो सिनेमा तोंडपाठ असलेल्याचा. तो सूत्रधाराला दर वाक्याला दुरुस्त करतो.

प्रश्न: आमचं हौशी नाट्यमंडळ आहे. गाजलेल्या सिनेमावर मराठी आरपीजी करून मंडईत विकायचा विचार आहे. चालेल का?
(एक मंडळ, पवनी)

उत्तर: घरी खेळायला कोणी अडवत नाही. विकायचा असेल तर मालकाचा परवाना लागेल. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि कथा-गाण्यांचे हक्क वेगळे.

त्यापेक्षा तुमच्याच एखाद्या झाडीपट्टी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकावर करा. नाटककार जवळचा असला तरी लेखी सही घ्या. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, क्षेत्र लिहिलं नाही तर भारत. नियम नव्यानं शोधत बसू नका. वेस्ट एंडचे डी-सिक्स म्हणजे सहा बाजूंच्या फाशांचे नियम पुढं कुणालाही वापरता येतील अशा खुल्या परवान्यात आले, म्हणजे स्टार वॉर्सचं वावर गेलं तरी नियमांची बैलजोडी राहिली. त्यात ‘४डी’ कौशल्य म्हणजे चार फाशांची बेरीज, सरासरी १४. मध्यम अवघड कामाला गाठायचा आकडा १५ धरला की चुरस राहते. त्या परवान्याचा मजकूर मात्र पुस्तिकेत जसाच्या तसा छापावा लागतो.

आठ ए-फोर कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की ३२ पानांची पुस्तिका होते. पानांचा आकडा चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं उरतात. सहा तयार पात्रं द्या, शिवाय नवं पात्र बनवायची रीतही द्या. छपाईआधी पुस्तिका शेजारच्या गावातल्या मंडळाला द्या आणि ते खेळत असताना एक शब्द बोलू नका. ते जिथं तुमच्याकडं वळून पाहतील, तिथला नियम लिहायचा राहिला आहे.