पीडीई: कॉन्स्टंट निगेटिव्हच का, आणि थिअरी आधी की कोडिंग?

पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन) सोडवायच्या सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्सच्या (उत्तर म्हणजे जागेचं फंक्शन गुणिले काळाचं फंक्शन असं धरायचं, मग दोन्ही बाजू एकाच कॉन्स्टंटइतक्या होतात) स्टेप्स पाठ आहेत, गणितं सुटतात, पण कॉन्स्टंट निगेटिव्हच का घ्यायचा ते कळत नाही, आणि थिअरी आधी करू की थेट कोडिंग, असं तू विचारलंयस. इंजिनिअरिंगच्या मुलांना बरीच वर्षं हा विषय शिकवतोय, त्यावरून सांगतो, दहा मेथड्स वरवर करण्यापेक्षा एकटं हीट इक्वेशन (रॉडमध्ये उष्णता कशी पसरते त्याचं) नीट मुरव, पुढचं बरंचसं त्यातून सुटतं.

आधी इक्वेशन काय म्हणतंय ते बघ. एखाद्या बिंदूचं तापमान बदलण्याचा वेग हा तापमानाच्या जागेनुसार काढलेल्या सेकंड डेरिव्हेटिव्हच्या प्रमाणात असतो, आणि सेकंड डेरिव्हेटिव्ह म्हणजे ढोबळमानाने शेजारच्या बिंदूंची सरासरी आणि तो बिंदू यांच्यातला फरक. शेजारी जास्त गरम असतील तर हा तापतो, थंड असतील तर उतरतो, बस एवढंच.

आता कॉन्स्टंटचं. पॉझिटिव्ह घेतला तर तापमान काळासोबत फुगत जाईल म्हणून नको, हे नेहमीचं उत्तर चुकीचं नाही पण अर्धवट आहे, खरा निकाल बाउंडरी कंडिशन्स (टोकांना काय घडतं त्या अटी) लावतात. रॉडची दोन्ही टोकं शून्य डिग्रीवर धरलीयत असं समज आणि तिन्ही केसेस स्वतः हाताने कर. पॉझिटिव्हमध्ये कॉश (cosh) आणि साइनएच (sinh) येतात, डाव्या टोकाने कॉश गेला, आणि साइनएच शून्य सोडून परत कुठे शून्य होतच नाही त्यामुळे उजव्या टोकाला तोही गेला. शून्य घेतला तर सरळ रेषा, तीही दोन्ही टोकांना शून्य म्हणजे सगळीकडे शून्य. निगेटिव्हमध्ये साइन मिळतो आणि साइनच परत परत शून्यावर येतो, म्हणून तोच टिकतो, तोही फक्त लांबीत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येत बसल्या तरच.

आणि आता हेच टोकं इन्सुलेट करून कर, म्हणजे तिथे स्लोप शून्य. इथे शून्यवाली केस उडवायची नाही! आडवी रेषा चालते, आणि तीच रॉडचं सरासरी तापमान असते जे कधीच बदलत नाही कारण उष्णता बाहेर जायला वाटच नाही. नुसत्या स्टेप्स पाठ केलेली मुलं परीक्षेत नेमकी इथे अडकतात.

मग आकडे घाल. अल्युमिनियमची डिफ्यूजिव्हिटी (उष्णता किती वेगाने पसरते तो आकडा) साधारण ०.०००१ चौरस मीटर प्रति सेकंद धर, रॉड १ मीटर, टोकं परत शून्यावर. पहिला मोड (लांबीत एकच अर्धी लाट बसणारा साइन; तिसऱ्यात तीन) एक-ई-अंश (मूळच्या साधारण ३७ टक्के) व्हायला सुमारे १००० सेकंद लागतात, तिसरा मात्र ९ पट वेगाने मरतो कारण वेग मोड नंबरच्या वर्गाने वाढतो. म्हणून सुरुवातीचा आकार कितीही खडबडीत असला तरी थोड्या वेळाने एकच गुळगुळीत साइन उरतो (पहिला मोड मुळात असेल तर, अर्थात). कुठलाही आकार साइन्सच्या बेरजेने बनतो हे पचायला वेळ लागला तर घाबरू नकोस, फूरिएने १८०७ मध्ये मांडलं तेव्हा लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञालाही पटलं नव्हतं.

कोडिंग यानंतर लगेच, फार थांबू नकोस. हाच रॉड १ सेंटीमीटरच्या भागांत तोड, साधी एक्सप्लिसिट मेथड (आत्ताच्या तापमानांवरून थेट पुढच्या क्षणाची काढायची) लाव. टाइम स्टेप ०.५ सेकंदापर्यंत ठीक चालते, ०.६ केलीस आणि बराच वेळ चालवलीस की उत्तर करवतीसारखं वरखाली होत फुटतं. भाग अर्धे केलेस तर स्टेप पाव करावी लागते, ०.१२५. दोन्ही रन स्वतः करून बघ, आणि हाताने काढलेला पहिला मोड त्याच ग्राफवर टाक, कोड बरोबर आहे की नाही ते तिथेच कळतं. थिअरी आधी न करता कोड लिहिणाऱ्यांकडे ताडून बघायलाच काही नसतं, म्हणून मी हा क्रम सांगतोय.

हे झालं की वेव्ह इक्वेशन घे, त्याच टोकांनी, तेच साइन येतील पण मरणार नाहीत, झुलत राहतील. लाप्लास इक्वेशन (काळासोबत न बदलणाऱ्या तापमानाचं) त्यानंतर. ओडीई (ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन) आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स कच्चं असेल तर मात्र आधी ते पक्कं कर, नाहीतर फूरिए कोइफिशियंट्स (बेरजेत कुठला साइन किती घ्यायचा ते आकडे) काढतानाच दमशील. इन्सुलेटेड रॉडचं करून इथे टाक, बघतो मी.