आजोबांची दुनळी आणि तिची काडतुसं

कुडाळच्या घरात आजोबांची दुनळी बंदूक सापडली, तिच्यावर १२ आणि १३ असे दोन्ही आकडे आहेत, मग काडतूस नेमकं कुठलं आणि मिळेल कुठे, असं तुम्ही विचारलंय.

बंदूक बारा बोरच आहे (बोर म्हणजे नळीच्या जाडीचं माप). पत्त्यांतल्या चौकटीसारख्या आकृतीत १२ आणि त्याखाली सी, हा इंग्लंडमधल्या चाचणीघराचा ठसा आहे. काडतूस बसतं त्या घराचं माप तो सांगतो. १३ हा नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा. जुन्या इंग्रजी बारा बोरवर तो खूपदा दिसतो. तेरा बोरचं काडतूस शोधत फिरू नका.

खरी काळजी लांबीची आहे. या वयाच्या बंदुकीचं घर बहुधा अडीच इंची असतं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं काडतूस. आज दुकानात जास्त करून ७० मिलिमीटरचं मिळतं आणि ते तुमच्या बंदुकीत अगदी सहज जातं! कारण खोक्यावरची लांबी उडालेल्या काडतुसाची असते. तोंड दुमडलेलं असताना ते बरंच आखूड असतं. बार उडाला की तोंड उलगडून पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. शंभर वर्षांच्या नळीला तो झेपेलच असं नाही. त्यामुळे आत गेलं म्हणजे चालतं, असं कुणी कितीही सांगितलं तरी ऐकू नका.

नळ्यांवर पिळाची नागमोडी वीण दिसते का, तेही बघा. ती असेल आणि ‘नायट्रो प्रूफ’ किंवा एनपी असा ठसा (आजच्या धूरविरहित दारूवर चाचणी झाल्याची खूण) नसेल, तर ती नळी जुन्या काळ्या दारूसाठी बनलेली आहे असंच धरा. तिच्यात आजचं काडतूस नकोच.

पण हे सगळं नंतर. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबरच संपला. पुराणवस्तू म्हणून सूट मिळते हा समज आपल्याकडे फार पसरलाय. दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच हत्याराला ती सूट आहे, तुमची दुनळी तर धडधाकट दिसते. आधी पोलीस ठाण्यात कळवा आणि ती तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. ट्रंकेतली जुनी काडतुसंही त्यांच्याच हवाली करा, उडवून बघू नका. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. बाकीच्या वारसांची लेखी संमती आत्ताच जमवा, गाडी बहुतेक तिथेच अडते.

परवाना हातात आल्यावर विक्रेत्याच्या कारागिराकडून घराची लांबी मोजून घ्या आणि ६५चीच मागणी नोंदवा. खडकीच्या कारखान्यातली बारा बोरची काडतुसं अशाच दुकानांत येतात, फक्त खोक्यावरची लांबी स्वतः वाचा. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूचा जवळून फोटो असेल तर टाका, बाकीचे ठसेही वाचून देतो.