लायसन्स आलं, आता गाडी कधी येणार?

गाडी शिकणारी मुलं आणि त्यांच्या घरचे, दोघांचीही पत्रं या महिन्यात भरपूर आली, त्यातली तीन घेतोय.

प्रश्न: मुलगा मार्चमध्ये 18 पूर्ण झाला. मोटर ट्रेनिंग स्कूलला गेला, पक्कं लायसन्सही आलं. आता आमची कार घेऊन चार मित्रांबरोबर गोव्याला जायचं म्हणतोय. हे म्हणतात जाऊ दे, आपण पण असेच शिकलो. मला रात्री झोप लागत नाहीये. मी उगाच घाबरतेय का?
– एक आई, कराड

उत्तर: नाही ताई, अजिबात उगाच नाही. मी 18 वर्षं गाडी शिकवतोय म्हणून सांगतो. नियमाप्रमाणे कारच्या क्लासमध्ये निदान 21 दिवस शिकवायचं असतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं निदान 10 तास. नीट विचार करा, फक्त 10 तास! तेही बहुतेक ठिकाणी सकाळी सातला मोकळ्या रस्त्यावर, शेजारी सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक, मुलगा चुकला की सर दाबतात आणि मुलाला वाटतं गाडी आपणच थांबवली. मग आरटीओच्या मैदानावर गाडी वळवून दाखवली, रिव्हर्स घेतली, झालं लायसन्स. त्यात रात्र नाही, मुसळधार पाऊस नाही, घाट नाही, हायवेला एसटीच्या मागे अडकून ओव्हरटेक करायचं की थांबायचं हे ठरवणं नाही, आणि मागच्या सीटवर गाणी लावून "अरे दाब की" म्हणणारे तीन मित्र तर नाहीतच. हे सगळं तुमच्या मुलाच्या वाट्याला पहिल्यांदा येणार ते गोव्याच्या वाटेवर, तेही एकदम.

माझी भाची ऑकलंडला गाडी शिकली. तिकडे लर्नर संपलं की लगेच पूर्ण लायसन्स देत नाहीत, मधे एक टप्पा असतो, त्यात रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवायची नाही आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर मित्रमैत्रिणींना गाडीत घ्यायचं नाही. आपल्याकडे असा कायदा नाही पण घरात नियम करायला कोणी अडवलंय? मी पालकांना सांगतो की पहिले हजार किलोमीटर आई किंवा बाबा शेजारी. आधी दिवसा गावात, मग पावसात, मग रात्री, मग हायवे, मग घाट, आणि मित्र सगळ्यात शेवटी. शेजारी बसून ओरडायचं मात्र नाही, ओरडलं की मुलं रस्ता सोडून तुमच्या तोंडाकडे बघतात.

एक गोष्ट मात्र या रविवारीच करा. मोकळ्या मैदानावर एक वीट ठेवा. त्याला सांगा, ताशी 20 ने ये आणि वीट आली की कचकन ब्रेक दाब. गाडी थांबली की विटेपासून पावलं मोजा, तीन-चार भरतील. आता तेच 40 ने. मुलांना वाटतं वेग दुप्पट म्हणजे पावलंही दुप्पट, सात-आठ होतील. होतात तेरा-चौदा! वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलंय, कोणाच्या लक्षात राहत नाही, पण स्वतः पावलं मोजलेला मुलगा विसरलेला मी अजून पाहिला नाही. आणि ही पावलं ब्रेक लागल्यानंतरची बरं का, समोर काहीतरी आलंय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत 60 च्या वेगाला गाडी आणखी 17 ते 25 मीटर पुढे गेलेली असते. मोबाईलकडे दोन सेकंद बघितलं तर 33 मीटर.

तुमच्या भागात आणखी एक धोका आहे तो म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. कारखाने सुरू झाले की संध्याकाळनंतर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलात बुडालेला, बाहेर लोंबणारा ऊस अंधारात दिसतच नाही. समोरून अप्पर मारत कोणी आलं की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे पांढरं होतं आणि ट्रॉली नेमकी तेव्हाच समोर येते. त्याला शिकवा, समोरचा उजेड डोळ्यात गेला की रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघायचं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. हे शेजारी बसूनच शिकवता येतं.

गोव्याला पुढच्या वर्षी जाऊ दे. आणि जातील तेव्हा मागच्या सीटवरच्यांनीसुद्धा बेल्ट लावायचा, अगदी प्रत्येकाने. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तो अपघात आठवा, गाडी चांगली महागडी होती, पुढचे दोघे वाचले, मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता आणि ते दोघेही गेले.

प्रश्न: मुलगी 16 ची आहे. क्लास सहा किलोमीटरवर, सकाळी रिक्षा मिळत नाही. कॉलनीतल्या सगळ्या मुली स्कुटी नेतात. लायसन्स नाही पण ती हळू चालवते. द्यावी का?
– एक बाबा, नाशिक

उत्तर: नका देऊ दादा. 16 व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आज रस्त्यावर दिसणारी जवळजवळ प्रत्येक स्कुटी 100 सीसीच्या वरची. मोटर वाहन कायद्यातल्या 2019 च्या बदलानंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकच दोषी धरला जातो, 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि मुलीला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे 2024 मध्ये काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय, दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडीवर 17 वर्षांचा मुलगा होता. त्यांच्या आईवडलांचा विचार मनात आला की मला आजही बोलता येत नाही.

हळू चालवते हे खरं असेल, पण चौकात उजवीकडे वळणारा टेम्पो हळू नसतो. ताशी 25 च्या आतली, 250 वॉटपर्यंतची ई-स्कूटर लायसन्सशिवाय चालते, ती घ्या, हेल्मेट मात्र घालाच. नाहीतर कॉलनीतल्या चार घरांनी मिळून एक रिक्षा ठरवा, हे मला जास्त पटतं.

प्रश्न: काका, मी 19 ची आहे, बाईक चालवते, महिन्यातून दोनदा सातारा-पुणे. उतारावर न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचतं असं भाऊ म्हणतो. आणि पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते हे खरंय का?
– पुणे

उत्तर: दोन्ही खोटं. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच करतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं ते न्यूट्रल केल्यावर सुटतं, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत उतारच आहे, तिथे न्यूट्रलवर सोडलेले ट्रक किती वेळा पुढच्या गाड्यांवर गेलेत ते तू पुण्यात राहून ऐकलंच असशील. त्या उतारावर तू डाव्या बाजूने राहा, आरशात बघत राहा, आणि ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस हे धरून चाल.

ब्रेकचं म्हणशील तर ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, म्हणून खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये. दोन्ही एकदम लावायचे, पुढचा झटक्याने न ओढता लिंबू पिळल्यासारखा दाबत न्यायचा, हँडल सरळ असताना. वळणात असताना नको, वाळूवर नको, आणि पहिल्या पावसात फारच जपून कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबणासारखं होतं.

आणि हेल्मेटचा पट्टा लावून मागून हाताने पुढे ढकलून बघ. डोक्यावरून निघून आलं तर माप मोठं आहे, या शनिवारी निघायच्या आधी दुसरं घे.